सॅक्रामेंटो

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कॅलिफोर्निया राज्याची राजधानी. लोकसंख्या सु. ५.२५ लाख (२०२०). सॅन फ्रान्सिस्कोच्या ईशान्येस सु. १४० किमी.वर, सॅक्रामेंटो आणि अमेरिकन या नद्यांच्या संगमावर वसलेली. शहराची जमीन समुद्रसपाटीपासून जेमतेम ९ मी. उंच आहे. त्याचा सगळा इतिहास या सखलपणाशी बांधलेला आहे.

हा मूळचा निसेनान लोकांचा प्रदेश. १८३९ मध्ये योहान सटर या स्विस माणसाने नदीपासून काहीशा आत, उंचवट्यावर किल्ला बांधला. त्याची शेती मुख्यतः इथल्या आदिवासींच्या श्रमावर चाले, आणि त्यातली सक्ती नजरेआड करता येत नाही. २४ जानेवारी १८४८ रोजी कोलोमा येथील त्याच्या लाकूड गिरणीपाशी सोने सापडले आणि माणसांचा लोंढा सुरू झाला. नवे गाव दक्षिणेकडच्या उंच जागी वसावे, असे सटरचे मत होते. त्याच्या मुलाने मात्र बोटी जिथे लागत, त्या धक्क्यालगतच्या सखल जमिनीवर भूखंड पाडले. व्यापाराला जागा सोयीची होती, पण पुराच्या वाटेतच होती. जानेवारी १८५० मध्येच पहिला मोठा पूर आला, त्याच वर्षी कॉलरा आला आणि १८५२ च्या आगीत बहुतेक गाव जळाले. तरीही १८५४ मध्ये राजधानी इथेच आली.

१८६१–६२ चा पूर सर्वांत बोधप्रद आहे. डिसेंबरमध्ये पूर्वेकडचा बांध फुटून पाणी शहरात शिरले. दक्षिणेकडचा आर स्ट्रीटचा बांध शाबूत होता, त्यामुळे ते बाहेर जाईना. रक्षणासाठी घातलेल्या बांधांनीच शहराचे तळे केले. अखेर कैद्यांच्या टोळीकडून तो बांध फोडावा लागला. जानेवारीत नवे गव्हर्नर लीलंड स्टॅनफर्ड शपथविधीला होडीतून गेले आणि विधिमंडळ तात्पुरते सॅन फ्रान्सिस्कोला हलले.

यानंतर शहराने जागा बदलली नाही, जमीनच वर उचलली. आय, जे, के या व्यापारी रस्त्यांच्या दोन्ही कडांना विटांच्या भिंती बांधून मधे माती-वाळूचा भराव घातला. काही ठिकाणी तो १० फुटांहून उंच होता. रस्ता शहराने उंचावला, इमारत आणि पदपथ मालकाच्या जबाबदारीवर राहिले. कुणी स्क्रू-जॅक लावून अख्खी इमारत उचलली, तर कुणी तळमजल्याचे तळघर केले. सगळे एकाच वेळी पुढे न गेल्याने काही काळ पदपथ पायऱ्या-शिड्यांनी जोडलेला होता. रस्त्याची भिंत आणि इमारत यांच्यामधली पोकळी वरून झाकली गेली. जुन्या शहराच्या पदपथांखाली ती काही ठिकाणी आजही आहे.

पुराचे दुसरे कारण डोंगरात होते. पाण्याच्या फवाऱ्याने टेकड्या फोडणाऱ्या खाणींचा गाळ खाली येऊन नदीपात्रे उथळ झाली, तेव्हा बांध कितीही वाढवले तरी पुरेनात. १८८४ मध्ये न्यायालयाने गाळ नदीत सोडण्यास बंदी घातली. पुढे विचार बदलला: पूर अडवण्यापेक्षा त्याला बाजूने वाट द्यायची. योलो बायपास ही सु. ५९ हजार एकरांची सखल पट्टी त्यासाठी राखली आहे. एरवी तिच्यात भातशेती होते. नदीचे पाणी या पट्टीत सोडणाऱ्या १९१६ च्या सॅक्रामेंटो बंधाऱ्याला ४८ दरवाजे असून प्रत्येकात ३८ उभ्या लाकडी फळ्या आहेत. आय स्ट्रीटपाशी नदीची पातळी २७.५ फुटांवर जाऊन वाढतच राहणार असेल, तर ते हाताने उघडतात. अमेरिकन नदीला मोठा पूर असला की संगम ते बंधारा या टप्प्यात सॅक्रामेंटो नदी चक्क उलटी वाहते.

अमेरिकन नदीवरचे, १९५६ मध्ये पूर्ण झालेले फॉल्सम धरणही १९८६ मध्ये अपुरे पडले. खालच्या बाजूच्या नदीकाठच्या बांधांची क्षमता १,१५,००० क्युसेक असताना सु. १,३०,००० क्युसेक विसर्ग करावा लागला. मुख्य सांडव्याचे दरवाजे उंचावर असल्याने तलाव बराच भरेपर्यंत जास्त पाणी सोडता येत नसे. २०१७ मध्ये पूर्ण झालेल्या जोडसांडव्याचे दरवाजे सु. ५० फूट खाली आहेत, त्यामुळे वादळ पोचण्याआधीच जागा रिकामी करता येते.

राज्यभवन १८७४ मध्ये पूर्ण झाले. आंतरखंडीय रेल्वेच्या पश्चिम टप्प्याचे काम १८६३ मध्ये इथूनच सुरू झाले. शहराची आखणी वाचायला सोपी आहे: अक्षरांचे रस्ते पूर्व-पश्चिम, आकड्यांचे दक्षिणोत्तर. उन्हाळ्यात पारा ३८° से.च्या वर जातो; संध्याकाळी नदीमुखाजवळच्या त्रिभुज प्रदेशाकडून येणारे समुद्री वारे रात्र थंड करतात, आणि ते थांबले की उष्णतेची लाट दिवसेंदिवस मुक्काम करते.