राज्यपाल : निवडलेले की नेमलेले? १९४९ च्या एका फेरबदलाची पार्श्वभूमी

प्रांताचा गव्हर्नर (आजचा राज्यपाल) त्या प्रांतातल्या प्रौढ मतदारांनी थेट निवडून द्यावा, असे घटना समितीने जुलै १९४७ मध्ये ठरवले होते. ३१ मे १९४९ रोजी तिने स्वतःच हा निर्णय फिरवला आणि नेमणूक राष्ट्रपतींकडे, म्हणजे व्यवहारात केंद्र सरकारकडे सोपवली. राजभवन आणि राज्य सरकार यांच्यात आज जे वाद होतात, त्यांतल्या बहुतेकांचा उगम या दोन तारखांमधल्या काळात आहे. घटनेच्या इतिहासात या फेरबदलाला सहसा दोन-चार ओळींपेक्षा जास्त जागा मिळत नाही. ती मिळायला हवी.

आपल्या संविधानाचा बराचसा सांगाडा ब्रिटिश राजवटीतल्या १९३५ च्या भारत सरकार कायद्याचा आहे, आणि गव्हर्नरपद तर जवळजवळ जसेच्या तसे तिथून आले. त्या कायद्यातला गव्हर्नर तीन रीतींनी कारभार करू शकत असे. काही बाबतींत त्याने मंत्र्यांच्या सल्ल्याने चालायचे. काही बाबतींत सल्ला ऐकायचा, पण निर्णय स्वतःच्या मताने घ्यायचा. आणि काही बाबती पूर्णपणे त्याच्या विवेकाधीन. तिथे मंत्र्यांना विचारण्याचीही गरज नव्हती. शांततेला गंभीर धोका, अल्पसंख्याकांचे हितसंबंध, सनदी नोकरांचे हक्क, संस्थानांचे हक्क अशा ‘विशेष जबाबदाऱ्या’ त्याच्यावर वेगळ्या टाकलेल्या होत्या. शिवाय कलम ९३ होतेच. घटनात्मक कारभार चालेनासा झाला असे वाटले, की गव्हर्नर एका उद्घोषणेने सगळी सत्ता स्वतःकडे घेऊ शके.

ही कलमे कागदावर राहिली नाहीत. १९३७ च्या निवडणुकांनंतर बहुमत मिळालेल्या पक्षाने हे विशेषाधिकार वापरले जाणार नाहीत असे आश्वासन मागत काही महिने मंत्रिमंडळे बनवली नाहीत. ती जुलैमध्ये बनली. १९३९ च्या अखेरीस युद्धाच्या प्रश्नावर त्याच मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि कलम ९३ लागू झाले. मुंबई प्रांताचा कारभार त्यानंतर १९४६ पर्यंत गव्हर्नरच्या हाती होता. घटना समितीत बसलेल्या अनेकांनी या गव्हर्नरांच्या हाताखाली मंत्री म्हणून काम केले होते. काहींनी याच काळात तुरुंग पाहिला होता. त्यांना विवेकाधिकार म्हणजे काय हे कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

म्हणूनच ऑगस्ट १९४७ मध्ये जुना कायदा तात्पुरता स्वीकारताना त्यातून गव्हर्नरच्या विवेकाधिकाराचे शब्द काढले गेले आणि कलम ९३ वगळले गेले. २६ जानेवारी १९५० पर्यंत प्रांतांचा कारभार या कापलेल्या कायद्यावर चालला, तोही फाळणी, निर्वासित आणि धान्यटंचाईच्या दिवसांत. माझ्या मते या अडीच वर्षांच्या अनुभवाला नंतरच्या चर्चेत फारच कमी वजन मिळाले.

फेब्रुवारी १९४८ च्या मसुद्यात दोन पर्याय शेजारी शेजारी छापलेले होते : थेट निवडणूक, किंवा विधिमंडळाने निवडलेल्या चार नावांतून राष्ट्रपतींनी एकाची नेमणूक. मे १९४९ मध्ये मंजूर झाला तो यातला एकही नाही. एका सदस्याने दुरुस्ती मांडली, की नेमणूक सरळ राष्ट्रपतींनी करावी. पंतप्रधानांनी पाठिंबा दिला, मसुदा समितीच्या अध्यक्षांनीही दिला. बाजूने मांडलेली कारणे आजही वजनदार वाटतात. मुख्यमंत्री विधानसभेचा आणि राज्यपाल साऱ्या राज्याचा, असे दोन निवडून आलेले पुरुष एकमेकांसमोर उभे राहिले तर झगडा ठरलेला. नुकती फाळणी झालेल्या देशात प्रांतीय अहंकाराला खतपाणी नको. बाहेरून आलेली, स्थानिक गटातटांत नसलेली व्यक्ती बरी. आणि पद जर बहुतांशी शोभेचेच असेल, तर त्यासाठी एवढी मोठी निवडणूक कशाला?

हा शेवटचा मुद्दाच निर्णायक ठरला, आणि माझा आक्षेपही तिथेच आहे. कारण दुसऱ्याच दिवशी, १ जूनला, समितीसमोर मंत्रिमंडळाच्या सल्ल्याचे कलम आले (आजचे १६३), आणि त्यात विवेकाधिकार शाबूत होता. एवढेच नाही, तर एखादी बाब विवेकाधीन आहे की नाही हे राज्यपालच ठरवतील आणि तो निर्णय अंतिम असेल, हे वाक्यही राहिले. पद शोभेचे असेल तर त्याला विवेकाधिकार कशासाठी? सभागृहात हा प्रश्न विचारला गेला. शब्द वगळण्याची मागणी झाली, ती फेटाळली गेली. उत्तर असे मिळाले, की घटनेत जिथे स्पष्टपणे म्हटले असेल तेवढ्यापुरताच हा अधिकार आहे, त्याला मोकळे रान नाही.

पण तशी ठळक ठिकाणे तरी किती होती? मसुद्यात राज्यपालांना दोन आठवड्यांसाठी स्वतःहून आणीबाणी जाहीर करता येत होती. ते कलम ऑगस्ट १९४९ मध्ये गळाले. विधेयक परत पाठवण्याच्या तरतुदीतले ‘आपल्या विवेकानुसार’ हे शब्दही त्याच सुमारास निघाले. राज्यपालांना मार्गदर्शन करणारे सूचनापत्र परिशिष्टात जोडायचे होते, तेही अखेरच्या टप्प्यात सोडून दिले गेले. म्हणजे ज्यांच्यासाठी सर्वसाधारण कलम ठेवले ती ठिकाणे बहुतेक उरली नाहीत, वापराला दिशा देणारे पत्रही गेले, आणि कलम मात्र राहिले. थेट निवडून आलेल्या राज्यपालाच्या हातात त्या अधिकाराला जनतेच्या मताचा आधार तरी असता. नेमलेल्या राज्यपालाकडे तो आला तेव्हा दिल्लीचा आधार उरला.

परिणाम दिसायला वेळ लागला नाही. १९५२ मध्ये मद्रासला कुणालाच बहुमत नसताना, विधान परिषदेवर नामनियुक्त केलेल्या ज्येष्ठ नेत्याला सरकार बनवायला बोलावले गेले. १९५९ मध्ये केरळचे बहुमतातले सरकार बरखास्त झाले. १९७७ आणि १९८० मध्ये, केंद्रात सत्ता बदलताच, प्रत्येकी नऊ राज्यांची सरकारे गेली. राष्ट्रपती राजवटीचे ३५६ वे कलम वापरावेच लागणार नाही अशी आशा सभागृहात व्यक्त झाली होती. १९९४ पर्यंत ते नव्वदहून अधिक वेळा वापरले गेले. त्या वर्षी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमत राजभवनात नव्हे तर सभागृहात मोजायचे, हे पक्के केले. त्याआधी १९७४ मध्ये सात न्यायमूर्तींनी राज्यपालांनी सर्वसाधारणपणे मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच वागायचे, असे सांगितले होते.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर आपल्याकडे १९३५ ची भाषा आणखी एका जागी टिकून आहे. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्राच्या विकास मंडळांबाबत ३७१(२) कलमात राज्यपालांवर ‘विशेष जबाबदारी’ सोपवता येते. १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने आलेली ही तरतूद १९९४ मध्ये मंडळे स्थापन होईपर्यंत पडून होती. अनुशेषाच्या प्रश्नावर राज्यपालांच्या निर्देशांचा मागास भागांना उपयोगही झाला, हे मान्य केलेच पाहिजे. मंडळांची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली.

नंतरची उदाहरणे वाचकांना ठाऊक आहेत : २३ नोव्हेंबर २०१९ चा पहाटेचा शपथविधी, विधान परिषदेच्या बारा नावांची नोव्हेंबर २०२० नंतर रखडलेली यादी, जून २०२२ मधली बहुमत चाचणी. ही चाचणी बोलावणे समर्थनीय नव्हते, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये म्हटले. पण मुख्यमंत्र्यांनी चाचणीआधीच राजीनामा दिल्याने जुने सरकार परत आणता येणार नाही, असेही सांगितले.

सध्याचा वाद विधेयकांचा आहे. विधेयक परत पाठवायचे तर ‘शक्य तितक्या लवकर’, एवढेच दोनशेव्या कलमात म्हटले आहे. मुदत लिहिलेली नाही. एप्रिल २०२५ मध्ये तमिळनाडूच्या प्रकरणात दोन न्यायमूर्तींनी अशी मुदत आखून दिली आणि अडकलेल्या दहा विधेयकांना संमती मिळाल्याचे मानले. त्यानंतर राष्ट्रपतींनी न्यायालयाचे मत मागवले. नोव्हेंबर २०२५ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने मत दिले, की न्यायालय मुदत घालू शकत नाही आणि मानीव संमतीला घटनेत जागा नाही. मात्र राज्यपालांनी कारण न देता दीर्घकाळ काहीच केले नाही, तर निर्णय घ्या, एवढा मर्यादित आदेश न्यायालय देऊ शकेल. संमतीबाबत राज्यपालांना विवेकाधिकार आहे, असेही त्याच मतात म्हटले आहे.