लक्सरचे खग्रास सूर्यग्रहण : पार्श्वभूमी

2 ऑगस्ट 2027 रोजी चंद्राची गडद छाया स्पेनच्या दक्षिण टोकावरून उत्तर आफ्रिकेत येईल, आणि इजिप्तमधील लक्सरच्या परिसरात खग्रास अवस्था सुमारे 6 मिनिटे 20 सेकंद टिकेल. जमिनीवरून इतका दीर्घ काळ दिसणारे खग्रास ग्रहण त्यानंतर थेट 2114 मध्येच येणार असल्याने कर्नाकची मंदिरे आणि राजांची दरी यांच्या सान्निध्यात ते पाहण्यासाठी जगभरातून प्रवासी निघतील. हे ग्रहण सॅरॉस 136 या मालिकेतील, म्हणजे सुमारे 18 वर्षे आणि 11 दिवसांच्या अंतराने येणाऱ्या एकसारख्या ग्रहणांच्या साखळीतील आहे. तिचे याआधीचे ग्रहण, 22 जुलै 2009 चे, सुरतपासून पाटण्यापर्यंतच्या पट्ट्यात खग्रास होते, पण पावसाळी ढगांमुळे अनेकांना ते दिसलेच नाही. ऑगस्टमधील लक्सरचा कडक उन्हाळा सोसायची तयारी ठेवून लोक तिथे जाणार आहेत, ते तिथल्या जवळपास निश्चितपणे निरभ्र असणाऱ्या आकाशासाठी.

सूर्याला सर्वोच्च देव मानणाऱ्या प्राचीन इजिप्तच्या लेखांत सूर्यग्रहणाची निःसंदिग्ध नोंद जवळजवळ सापडत नाही, ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते. रा या सूर्यदेवाच्या नौकेवर रोज रात्री हल्ला करणाऱ्या अपेप सर्पाच्या कथेत काही जण ग्रहणाची सावली पाहतात, पण तो तर्क आहे. त्याहून ठोस वाटतो तो नाईलकाठच्या डेंडेरा येथील मंदिराच्या छतावर कोरलेला गोल राशिपट, म्हणजे राशी आणि ताऱ्यांचे चित्र. त्यातील एक आकृती इ.स.पू. 51 च्या मार्चमधील सूर्यग्रहण दर्शवते, असा अर्थ फ्रेंच अभ्यासकांनी लावला आहे. मूळ राशिपट मात्र एकोणिसाव्या शतकातच छतातून कापून फ्रान्सला नेला गेला आणि आता तो लूव्र संग्रहालयात आहे.

ग्रहणासाठी इजिप्तचा प्रवास आधी शास्त्रज्ञांनी सुरू केला. 17 मे 1882 रोजी नाईलकाठच्या सोहागमध्ये ब्रिटिश, फ्रेंच आणि इटालियन पथके जमली होती. खग्रास अवस्था जेमतेम सव्वा मिनिटाची असली, तरी ब्रिटिश पथकातील आर्थर शूस्टर यांनी प्रभाकिरीटाच्या, म्हणजे खग्रास वेळी सूर्याभोवती दिसणाऱ्या तेजोवलयाच्या वर्णपटाचे छायाचित्र मिळवले आणि सूर्याशेजारी एक अज्ञात धूमकेतूही छायाचित्रांत उमटला. यजमान खेदिव (इजिप्तचे तत्कालीन शासक) तौफिक यांचे नाव त्याला देण्यात आले; तो पुन्हा कधीच दिसला नाही. त्यानंतर दोनच महिन्यांत ब्रिटिश नौदलाने अलेक्झांड्रियावर तोफा डागल्या. ग्रहणमोहिमांचा हा इतिहास साम्राज्याच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही, हे प्रामाणिकपणे सांगितलेच पाहिजे.

सोहागच्या ब्रिटिश पथकात खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर होते. पुढे 1891 मध्ये ते इजिप्तला परतले ते मंदिरांच्या दिशा मोजण्यासाठी. कर्नाकच्या अमुन-रा मंदिराचा अक्ष उत्तरायणाच्या अखेरीस, म्हणजे वर्षातील सर्वांत मोठ्या दिवशी, मावळणाऱ्या सूर्याकडे रोखलेला आहे, असे त्यांनी मांडले आणि त्यावरून मंदिराचा काळ अनेक हजार वर्षे मागे नेला. ती कालगणना इजिप्तविद्येच्या अभ्यासकांनी नाकारली आणि हा अक्ष हिवाळ्यातील सर्वांत लहान दिवसाच्या सूर्योदयाशी जुळतो, असे पुढील संशोधनातून दिसले. तरीही वास्तू आणि आकाश यांचा एकत्र अभ्यास करण्याची दिशा त्यांनीच घालून दिली. हेच लॉकियर 22 जानेवारी 1898 च्या ग्रहणासाठी विजयदुर्गला आले होते. तेथील साहेबाच्या कट्ट्यावरून 1868 मध्ये त्यांना हेलियमचा शोध लागला असे आपल्याकडे अनेकदा सांगितले जाते, पण त्या वर्षी ते इंग्लंडमध्येच होते. 1898 मध्येच करमाळ्याजवळील जेऊर येथे पुण्याच्या सायन्स कॉलेजचे कावसजी नायगमवाला यांनी आपले पथक उभे केले होते, आणि अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे पथकही तिथेच होते. त्याच वेधशाळेने 1905 च्या ग्रहणासाठी अस्वानला मोहीम पाठवली.

2027 च्या पट्ट्यात सोहाग आणि डेंडेरा दोन्ही येतात. कैरो आणि गिझाचे पिरॅमिड मात्र त्याबाहेर राहतात. तिथे सूर्याचा मोठा भाग झाकला गेला तरी ग्रहण खंडग्रासच असेल, त्यामुळे खग्रास अनुभवू इच्छिणाऱ्याला नाईलच्या वरच्या अंगाला, दक्षिणेकडेच जावे लागेल.