कोऱ्या डिस्कवर विंडोज येतं कुठून?

लॅपटॉपची हार्ड डिस्क गेली. नवी आणली, बसवली, स्क्रू आवळले आणि बटण दाबलं, तर काळ्या पडद्यावर एकच ओळ: बूट करायला काही सापडत नाही. मेमरी, कीबोर्ड, पडदा सगळं ठणठणीत असतं, पण सुरुवात करायला डिस्कवर काहीच नसतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? ऑपरेटिंग सिस्टिम बाहेरून आणावी लागते. ती कुठून आणायची, याचं उत्तर गेल्या चाळीस वर्षांत तीन-चार वेळा बदललं आहे. त्यातलं एक उत्तर चुकीचं होतं असं माझं ठाम मत आहे, आणि त्याचा त्रास खूप जणांना झाला.

आयबीएमचा पीसी १९८१ मध्ये आला, तेव्हा त्यात हार्ड डिस्कच नव्हती. मदरबोर्डवरच्या चिपमध्ये बायोस नावाचा छोटा प्रोग्रॅम होता. यंत्र तपासायचं, फ्लॉपीचा पहिला सेक्टर वाचायचा आणि पुढचा कारभार त्याच्या हाती सोपवायचा, एवढं त्याचं काम. डॉस, म्हणजे त्या काळची ऑपरेटिंग सिस्टिम, फ्लॉपीवर असे आणि फ्लॉपी माणसाच्या हातात. १९८३ च्या एक्सटी मॉडेलबरोबर १० एमबीची हार्ड डिस्क आली आणि डॉस यंत्राच्या पोटात राहायला गेलं. तरी मूळ फ्लॉप्या कपाटात असायच्याच. डिस्क बदलली की एफडिस्कने पार्टिशन, म्हणजे डिस्कचे भाग, पाडायचं, फॉरमॅट मारताना सिस्टिमच्या फायली चढवायच्या, की काम झालं. लॅपटॉपला सोयीची अडीच इंची डिस्क १९८८ मध्ये प्रेअरीटेक कंपनीने आणली, २० एमबीची. फिरत्या तबकडीवरून केसाहूनही कमी अंतराने सरकणारं हेड आणि उचलून नेण्याचं यंत्र यांचं कधी फारसं जमलं नाही. त्यामुळे डिस्क जाण्याचा प्रसंग लॅपटॉपवाल्यांच्या वाट्याला जास्त आला.

विंडोज ९५ फ्लॉप्यांवर घेतलं तर १३ फ्लॉप्या लागत. सीडीवर ते एकातच मावे, पण सीडी वाचायला आधी ड्रायव्हर, म्हणजे त्या भागाशी बोलणारा छोटा प्रोग्रॅम, हवा आणि ड्रायव्हर चढवायला आधी फ्लॉपीवरून बूट व्हायला हवं. फीनिक्स आणि आयबीएम यांनी १९९५ मध्ये एल टोरिटो नावाचं मानक काढलं आणि सीडीवरूनच यंत्र सुरू होण्याची सोय झाली. पुढची काही वर्षं मला सगळ्यांत सरळ वाटतात. सीडी घालायची, परवान्याची की, म्हणजे सांगितलेली अक्षरं-अंक, टाइप करायची आणि थांबायचं.

मग निर्मात्यांनी सीडी देणं बंद करायला सुरुवात केली. डिस्क दहा-वीस जीबींच्या पुढे गेल्या होत्या, तेव्हा त्यातलाच एक कोपरा राखून तिथे विंडोज, ड्रायव्हर आणि कंपनीचे प्रोग्रॅम ठेवले जाऊ लागले. तेच हे लपवलेलं रिकव्हरी पार्टिशन. सुरू होताना कुठे एफ ११, कुठे अल्ट आणि एफ १० दाबलं की लॅपटॉप पहिल्या दिवसासारखा व्हायचा. व्हायरस शिरला, फायली बिघडल्या, तर याच्याइतका चांगला उपाय नव्हता, हे मान्यच आहे. पण डिस्क मेली तर? बियाणं ज्या कणगीत ठेवलं, ती कणगीच जळाली. रिकव्हरी डिस्क काढून ठेवा, अशी सूचना नव्या लॅपटॉपवर येत असे खरी. मात्र नवा लॅपटॉप हातात असताना चार-पाच कोऱ्या डीव्हीडी शोधून तासभर बसणार कोण? दुरुस्तीला मदत करताना ‘आम्हाला सीडी मिळालीच नव्हती’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे, की हा दोष वापरणाऱ्यांचा नव्हता, असंच मला वाटतं. ज्या दिवसासाठी प्रत जपायची, त्याच दिवशी ती हाती लागू नये अशी ही रचना होती.

बरं, कुणाची सीडी मागून आणली तरी भागत नसे. २००१ च्या विंडोज एक्सपीपासून अ‍ॅक्टिव्हेशन, म्हणजे परवाना मायक्रोसॉफ्टकडून तपासून घेणं, आलं. लॅपटॉपच्या तळाशी २५ अक्षरांच्या कीचं स्टिकर असे, पण ती की निर्मात्याच्या प्रतीसाठीची. दुकानात मिळणाऱ्या सीडीला ती चालत नसे. शिवाय तळाच्या उष्णतेने आणि घासण्याने अक्षरं पुसून जात. एवढ्यातून पार पडलं, तरी एक्सपीच्या सीडीत साटा या डिस्क जोडण्याच्या नव्या पद्धतीच्या कंट्रोलरचे ड्रायव्हर नव्हते. इन्स्टॉलर म्हणायचा, हार्ड डिस्क सापडत नाही. उपाय तोच सांगायचा: एफ ६ दाबा आणि ड्रायव्हरची फ्लॉपी घाला. ज्या लॅपटॉपला फ्लॉपीची खाचच नाही, त्याच्यापुढे ही सूचना यायची. मग बायोसमध्ये जाऊन साटा जुन्या आयडीई पद्धतीवर न्यायचं, नाहीतर ड्रायव्हर मिसळलेली सीडी स्वतः तयार करायची.

याच काळात दुसरी एक वाट तयार होत होती: नव्याने टाकण्याऐवजी आहे ते सगळं जसंच्या तसं उतरवून ठेवायचं. न्यूझीलंडमध्ये १९९० च्या दशकात जन्मलेल्या घोस्ट या प्रोग्रॅमने डिस्कची अख्खी प्रतिमा घेण्याची सवय लावली. पुढे तेच काम करणारं क्लोनझिला फुकट मिळू लागलं, अ‍ॅपलने २००७ मध्ये टाइम मशीन आणलं आणि विंडोज ७ च्या सगळ्या आवृत्त्यांत सिस्टिम इमेज घेता येऊ लागली. या इमेजची एक अट अनेकांना ऐन वेळी कळते: नवी डिस्क जुनीपेक्षा लहान असेल, तर विंडोज ती इमेज उतरवायला नकार देतं, जुन्या डिस्कवर भरलेली जागा थोडी असली तरी. मोठी हार्ड डिस्क काढून छोटी एसएसडी (तबकडीऐवजी चिपांची डिस्क) बसवणारे इथे हमखास अडतात.

खरा फरक पडला २०१२ मध्ये, विंडोज ८ बरोबर. की स्टिकरवरून थेट मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे चिपमधल्या बायोससारख्या प्रोग्रॅममध्ये, गेली. डिस्क बदलली तरी की यंत्रातच राहते आणि इन्स्टॉलर ती आपणहून वाचतो. २०१५ च्या विंडोज १० ने डिजिटल परवाना आणला, म्हणजे यंत्राची ओळख मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर नोंदली जाते. मदरबोर्ड बदलला तर ही ओळख तुटते, पण डिस्कने काही बिघडत नाही. इन्स्टॉलेशनची प्रतही अधिकृतपणे उतरवून ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर घेता येऊ लागली. जे आधी द्यायला हवं होतं, ते दहा वर्षांनी मिळालं.

अ‍ॅपल त्याच्याही आधी एक पाऊल पुढे गेलं होतं. २०११ च्या लायन या मॅक सिस्टिमपासून इंटेल प्रोसेसरच्या नव्या मॅकचं फर्मवेअर डिस्क पूर्ण कोरी असली तरी स्वतःच इंटरनेटला जोडून सिस्टिम उतरवून घेऊ शकतं. विंडोजमध्ये २०२० साली ‘क्लाउड डाउनलोड’ आलं, पण नावावर जाऊ नये. ते चालायला डिस्कवर विंडोजचं रिकव्हरी वातावरण आधीपासून असावं लागतं, म्हणून नव्या डिस्कवर त्याचा उपयोग नाही. फर्मवेअरमधूनच नेटवरून सिस्टिम आणायची सोय काही निर्मात्यांनी मोजक्या मॉडेलांत दिली आहे. बाकी सगळ्यांना दुसरा चालू संगणक आणि पेनड्राइव्ह लागतोच.

त्या पेनड्राइव्हवर आणखी एक फोल्डर ठेवावा लागतो. इंटेल प्रोसेसरच्या नव्या लॅपटॉपांत व्हीएमडी ही डिस्क हाताळण्याची इंटेलची सोय चालू असेल, तर इन्स्टॉलरला एनव्हीएमई डिस्क, म्हणजे नव्या प्रकारची वेगवान एसएसडी, बरेचदा दिसत नाही. यादी रिकामी येते आणि तो ड्रायव्हर मागतो, एक्सपी मागायचं तसाच. या वेळी फ्लॉपी लागत नाही. लॅपटॉपच्या निर्मात्याच्या साइटवरून इंटेलच्या रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर घेऊन उघडून ठेवला की ‘लोड ड्रायव्हर’ दाबून तो दाखवता येतो आणि डिस्क यादीत उमटते. सोबत वायफायचाही ड्रायव्हर घेऊन ठेवलेला बरा, कारण विंडोज चढल्यावर पहिला अडथळा बहुतेक वेळा तिथेच येतो.