सिगरेट सोडून पाईप : स्वस्ताईचं हे गणित आलं कुठून?

परवा सोलापूरच्या पार्क चौकात चहा पिताना आमच्यातला एक जण म्हणाला, सिगरेट लई महाग झाली बे, आता पाईपच घेतो, तेवढेच पैसे वाचतील. सगळे हसले, पण आयडिया काय त्याच्या डोक्यातली नाही, ती अमेरिकेतनं आलीय.

झालं असं की 1 एप्रिल 2009 पासून अमेरिकेनं लहान मुलांच्या आरोग्य विम्याला पैसे कमी पडू नयेत म्हणून तंबाखूवरचा टॅक्स वाढवला. हाताने वळायच्या सिगरेटच्या तंबाखूवरचा टॅक्स पौंडाला 1.10 डॉलरवरून एकदम 24.78 वर गेला आणि पाईपच्या तंबाखूवरचा मात्र 2.83 पर्यंतच वाढला. आता एवढा फरक दिसल्यावर कोण गप्प बसेल? कंपन्यांनी पुड्यावर 'पाईप तंबाखू' छापलं, आत जवळपास तसलाच माल, आणि लोक तोच कागदात वळून ओढायला लागले. म्हणजे बचत पाईपमुळे नव्हती, लेबलमुळे होती.

आपल्याकडे उलटंच. 2017 ला जीएसटी आला तेव्हा पाईपच्या तंबाखूवर 28 टक्के जीएसटी आणि वर 290 टक्के सेस लागला. बाहेरून आलेला असेल तर कस्टम ड्युटी वेगळीच. वर पाईप, तो साफ करायच्या काड्या, राख दाबायचं टोचणं, हा सगळा संसार आला. आणि सिगरेटवरून आलेला माणूस पाईपचा धूरही सवयीने छातीत ओढतो, म्हणजे तब्येतीचीही सुटका नाही.

खरंतर नळीने धूर ओढणं आपल्याला नवीन नाही. सोलापूरपासून शंभरेक किलोमीटरवर विजापूर, तिथल्या आदिलशाही दरबारातनं असद बेगने तंबाखू आणि रत्नं जडवलेली नळी अकबरासाठी नेली, साल 1604-05 च्या आसपास. बादशहाने दोन-चार झुरके मारले तर हकिमाने अडवलं. पुढे जहांगीरने 1617 ला बंदीच घातली, पण चिलीम गावोगाव पोचलीच.

आणि सोलापुरात काटकसरीचं उत्तर पहिल्यापासून एकच, बिडी. त्याच 2017 च्या जीएसटीत बिडीवर 28 टक्के होते पण सेस शून्य. पूर्व भागातल्या कुठल्याही गल्लीत जा, उंबऱ्यात मांडीवर सूप घेतलेली बाई, भिजवलेलं तेंदूचं पान पत्र्याच्या मापाने कातरणार, चिमूटभर जर्दा, एक वळसा, दोरा, झालं. तोंडाने तेलुगूत शेजारणीशी गप्पा चालूच, बोटांकडे बघतसुद्धा नाही, दिवसाला हजाराचं टार्गेट. सोलापूरजवळ कुंभारीला 2006 साली या बिडी कामगार बायांसाठी गोदूताई परुळेकरांच्या नावाने 10 हजार घरं झाली, यावरनं समजा धंदा केवढा ते.

2020 च्या सप्टेंबरात महाराष्ट्रात सुटी सिगरेट-बिडी विकायला बंदी आली, म्हणजे 'एक दे रे' म्हणून भागवणाऱ्यांची कागदोपत्री तरी सोय गेली.

हे सगळं त्या मित्राला सांगितलं आणि म्हटलं, पैसेच वाचवायचेत तर बिडी ओढ की. तर म्हणतो, नको बे, गिरणीतला वाटतो माणूस. याचे आजोबा जुन्या मिलमध्ये होते.