स्नायूंची बलवृद्धी

रोधाविरुद्ध वारंवार जोर लावल्याने सांगाड्याला जोडलेल्या स्नायूंच्या ताकदीत आणि जाडीत होणारी वाढ. रोध लोखंडी वजनाचा, मुद्गलाचा, रबरी पट्ट्याचा किंवा स्वतःच्याच शरीराचा असू शकतो. तो कशाचा आहे याच्याशी स्नायूला कर्तव्य नसते. तो किती आहे आणि हळूहळू वाढतो की नाही, याच्याशी असते. ताकद आणि जाडी एका वेगाने वाढत नाहीत. हे ठाऊक नसल्यामुळे दीड महिन्यात आरशापुढे हिरमुसून व्यायाम सोडणारे पुष्कळ.

स्नायुतंतू ही लांबट, अनेक केंद्रके असलेली पेशी असते. तिच्यात ॲक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचे धागे एकमेकांवरून सरकतात आणि स्नायू आकुंचन पावतो. तंतूंची संख्या जन्मानंतर लवकरच जवळपास ठरून जाते. पुढे व्यायामाने वाढते ती मुख्यतः प्रत्येक तंतूची जाडी. संथ तंतू चिवट असतात, तर जलद तंतू जोरकस पण लवकर थकणारे. व्यायामाने जास्त फुगतात ते जलद तंतू आणि म्हातारपणी आधी रोडावतात तेही तेच.

सुरुवातीच्या काही आठवड्यांत ताकद वाढते ती बहुतांशी मज्जासंस्थेमुळे. एक चेतापेशी आणि तिच्या ताब्यातले सगळे तंतू मिळून एक चालक एकक होते. हलक्या कामाला मेंदू लहान एकके जुंपतो, भार वाढला की मोठी. नवख्या माणसाला मोठी एकके एकदम आणि पुरेशा वेगाने कामाला लावता येत नाहीत. सरावाने ती येऊ लागतात. तालमीत नवा आलेला मुलगा महिनाभरात मुद्गलांची जड जोडी फिरवू लागतो, दंडाचा घेर मात्र होता तेवढाच असतो. मराठीत याला ‘हात बसला’ म्हणतात, आणि शरीरशास्त्राच्या दृष्टीने हा शब्दप्रयोग अगदी नेमका आहे.

‘अंग धरणे’ ही त्यानंतरची गोष्ट. तंतूवर ताण पडला की पेशीतील एमटॉर हे नियंत्रक प्रथिन जागे होते आणि नवीन प्रथिने बनण्याचा वेग वाढतो. एका कसदार व्यायामानंतर हा वाढीव वेग साधारण २४ ते ४८ तास टिकतो. स्नायूंतील प्रथिनांची मोडतोडही सतत चालू असतेच. जमा खर्चापेक्षा जास्त राहिली, तरच महिनोन्‌महिने साठत साठत जाडी दिसू लागते. तंतूच्या कडेला सुप्त पडून असलेल्या उपग्रह पेशी (त्यांचा शोध १९६१ मध्ये ॲलेक्झांडर मॉरो यांनी लावला) तंतूत मिसळून त्याला नवी केंद्रके पुरवतात. वाढीला लगामही आहे. मायोस्टॅटिन हे प्रथिन स्नायूंना प्रमाणाबाहेर वाढू देत नाही. १९९७ मध्ये उंदरांतील त्याचे जनुक निकामी केल्यावर त्यांचे स्नायू दुप्पट-तिप्पट झाले होते.

व्यायामानंतर ‘अंग आंबते’. हा शब्द इतका चपखल वाटतो की त्यामागे लॅक्टिक आम्ल असावे, हा जुना समज मराठी माणसाला लगेच पटतो. पण व्यायामात साठलेले लॅक्टेट (त्याच आम्लाचे शरीरातील रूप) तासा-दोन तासांत निघून जाते आणि दुखणे तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोहोचते. त्याचे मूळ भार पेलत स्नायू लांबत असताना होणाऱ्या सूक्ष्म इजांत आणि त्यानंतरच्या दाहात आहे. बैठकेत खाली जाताना मांड्यांचे नेमके हेच होते. तेच काम पुन्हा केले की दुखणे झपाट्याने कमी होते, वाढ मात्र चालू राहते. म्हणजे ‘दुखले नाही तर व्यायाम झालाच नाही’ हे तालमीतले मत टिकत नाही.

भार पायरीपायरीने वाढवण्याच्या तत्त्वाला वैद्यकात स्थान मिळवून दिले ते अमेरिकी लष्करी डॉक्टर टॉमस डेलॉर्म यांनी. गुडघ्याला इजा झालेल्या सैनिकांवर जड वजनांचे उपचार करून १९४५ मध्ये त्यांनी आपली पद्धत प्रसिद्ध केली. आपल्याकडील जोर-बैठकांची अडचण इथेच कळते. साठ किलोच्या माणसाच्या हातांवर जोर काढताना अंदाजे चाळीस किलो भार येतो. ज्याला वीस जोरांतच धाप लागते त्याच्यासाठी हा उत्तम बलव्यायाम आहे. तीनशे सहज काढणाऱ्याचा भार मात्र तेवढाच राहतो, नुसता आकडा वाढतो, आणि त्यातून दमसास वाढतो, बळ फारसे नाही. हलक्या भारानेही, पुढची आवृत्ती जमणारच नाही इथवर नेले तर, जाडी जवळपास तेवढीच वाढते असे अलीकडचे प्रयोग सांगतात. पण कमाल ताकदीसाठी जड वजनच लागते. जुन्या उस्तादांना हे अनुभवाने कळले असावे. एरवी करेल, नाल यांसारखी जड वजने आणि गळ्यात घालायची दगडी कडी आखाड्यात कशाला आली असती?

बडोद्यात या विषयाला मोठा मराठी इतिहास आहे. सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी मल्लविद्येला राजाश्रय दिला, जुम्मादादांचा आखाडा त्यांचे शिष्य राजरत्न माणिकराव यांनी नावारूपाला आणला, आणि द. चिं. मुजुमदार यांनी संपादित केलेला मराठी व्यायामज्ञानकोश १९३६ ते १९४९ या काळात दहा खंडांत इथूनच निघाला. सयाजीबागेतील संग्रहालयात ठेवलेला एक दगड गामा पहिलवानांनी २३ डिसेंबर १९०२ रोजी उचलला, असे सांगतात. त्याचे वजन १२०० किलो दिले जाते. त्या काळी बडोद्यात वजन शेर-मणांत होई, तेव्हा किलोचा आकडा उघडच नंतरचा. आज जमिनीवरून वजन उचलण्याचा विक्रम ५०० किलोच्या थोडासा पुढे आहे. गामांच्या ताकदीबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण एवढा दगड पूर्ण उचलणे मानवी हाडा-स्नायूंच्या आवाक्यातले दिसत नाही. तो एका बाजूने उलथवला असेल, तर गोष्ट वेगळी.

खुराकाबद्दल तालमीत जेवढी श्रद्धा, तेवढेच गैरसमज. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे साठ किलोला सुमारे पन्नास ग्रॅम. बलव्यायाम करणाऱ्याला १.६ ग्रॅमपर्यंत फायदा होतो, त्यापुढे सरासरीने तो दिसत नाही, असा निष्कर्ष २०१८ मध्ये ४९ प्रयोगांच्या एकत्रित विश्लेषणातून निघाला. हाच साठ किलोचा माणूस आता शहाण्णव ग्रॅमवर जातो. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एखाद्या शाकाहारी मराठी घरात हे कसे जमावे? वाटीभर घट्ट वरणात सहा-सात ग्रॅम, पेलाभर दुधात आठ, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास, मूठभर शेंगदाण्यांत सात-आठ, पन्नास ग्रॅम सोयाबीनच्या वड्यांत पंचवीस. भिजवलेल्या दहा बदामांत मात्र जेमतेम अडीच. त्यांची कीर्ती त्यांच्या प्रथिनांपेक्षा कितीतरी मोठी आहे. तुपात प्रथिने नाहीतच, पण उष्मांक भरपूर, आणि दिवसाकाठी पाच-सहा तास घाम गाळणाऱ्या पहिलवानाला ते हवेच असत. बैठ्या कामाच्या माणसाने तोच खुराक उचलला की अंगाऐवजी पोट धरते.

प्रथिने ज्यांची बनतात त्या अमिनो आम्लांपैकी डाळीत मेथिओनिन कमी, तांदूळ-गव्हात लायसिन कमी; वरण-भात एकमेकांची उणीव भरून काढतात, आणि सेवउसळीसोबतचा पावही थोडाफार हेच करतो. प्रथिननिर्मिती सुरू करून देणारे ल्युसिन हे अमिनो आम्ल दुधात चांगले असते. व्यायाम संपल्यावर अर्ध्या तासात काही पोटात गेलेच पाहिजे, हा आग्रह जास्तीचा आहे. दिवसभराची बेरीज आणि तीन-चार जेवणांतली वाटणी अधिक महत्त्वाची. पूरकांपैकी, स्नायूंना झटपट जोरासाठी ऊर्जा पुरवणाऱ्या क्रिएटिनचा पुरावा पक्का आहे. ते मांस-मासळीत असते, त्यामुळे शाकाहारी माणसाच्या स्नायूंत त्याचा साठा मुळात कमी असतो. रोज तीन ते पाच ग्रॅमने तो भरून निघतो. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी यांतले काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

वयाबरोबर होणाऱ्या स्नायुऱ्हासाला १९८९ मध्ये आयर्विन रोझेनबर्ग यांनी सार्कोपेनिया हे नाव सुचवले. पुढच्याच वर्षी बॉस्टनमधील एका वृद्धाश्रमात नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांकडून आठ आठवडे पायांचा वजनी व्यायाम करवून घेण्यात आला. तो पूर्ण करणाऱ्यांच्या मांडीची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. टक्केवारी एवढी मोठी दिसते, कारण सुरुवातीची ताकद फारच थोडी होती. घरच्या घरी याची सुरुवात हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठण्या-बसण्याने करतात. आजोबांची ती बैठकच. मागे खुर्ची असते, एवढाच फरक.