दगडफुलातली आम्ले

गोड्या मसाल्यासाठी आपण तेलावर परततो ते दगडफूल म्हणजे शैवाक. एक बुरशी आणि तिच्या धाग्यांमध्ये राहणारं शैवाल (काही जातींत नील-हरित जीवाणू) मिळून त्याचं शरीर बनतं. शैवाल उन्हात साखर तयार करतं, बुरशी ती घेते आणि तिच्यापासून अशी रसायनं घडवते, जी बाकीच्या जीवसृष्टीत क्वचितच आढळतात. या रसायनांना मिळून शैवाक-आम्ले म्हणतात. आजवर सुमारे हजारभर शैवाक-रसायनं ओळखली गेली आहेत.

ही संज्ञा वाचून लिंबाचा रस किंवा गंधकाम्ल डोळ्यांपुढे आणू नये. शैवाक-आम्ले पाण्यात जवळजवळ विरघळतच नाहीत. बुरशीच्या धाग्यांवर बाहेरून त्यांचे बारीक स्फटिक साचतात, आणि ते काढायला ॲसिटोनसारखा द्रावक लागतो. काहींच्या रेणूत सेंद्रिय आम्लांची खूण असलेला कार्बॉक्सिल गट असतो, लेकॅनोरिक आम्लात तो आहे. पण सर्वांत प्रसिद्ध असलेल्या पिवळ्या उस्निक आम्लात तो मुळीच नाही, त्याची आम्लता हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या) गटांमुळे येते. ॲट्रॅनोरिनच्या तर नावातही आम्ल नाही, तरी ते याच यादीत मोडतं. म्हणून नेमकं लिहायचं असेल तेव्हा बरेच अभ्यासक आता ‘शैवाक-द्रव्ये’ म्हणतात. मला तेच योग्य वाटतं, पण जुनं नाव इतकं रुळलंय की ते माहीत असायलाच हवं.

बुरशी एवढा खटाटोप का करते? शैवाक वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढतं. गोगलगायीनं एक कोपरा खाल्ला तर तो भरून यायला वर्षं जातात, म्हणून कडू आणि विषारी रसायनं कामी येतात. व्हल्पिनिक आम्ल असलेलं पिवळंधमक शैवाक उत्तर युरोपात पूर्वी लांडगे मारण्यासाठी आमिषात मिसळत असत. उस्निक आम्ल अनेक जीवाणूंची वाढ रोखतं. झँथोरिया या शैवाकातलं नारिंगी पॅरिएटिन प्रखर प्रकाश अडवून आतल्या शैवालाला सांभाळतं. काही आम्ले खडकातल्या लोह-कॅल्शियमला धरून ठेवतात, त्यामुळे दगड हळूहळू झिजतो.

मला सर्वांत विलक्षण वाटते ती लिटमसची गोष्ट. शाळेतल्या प्रयोगशाळेतला तो निळा-तांबडा रंग मुळात रॉसेला वगैरे शैवाकांपासून करत. या शैवाकांत रंग तयार नसतोच, असतात ती लेकॅनोरिक आम्लासारखी रंगहीन द्रव्ये. शैवाक कुटून अमोनियात, पूर्वी चक्क शिळ्या मूत्रात, कित्येक दिवस हवेशीर ठेवायचं. लेकॅनोरिक आम्लाचा रेणू फुटून ऑर्सेलिनिक आम्ल होतं, त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून गेला की ऑर्सिनॉल उरतं, आणि अमोनिया व हवेतला ऑक्सिजन मिळून त्याचे जांभळे रंग बनवतात. कांद्याच्या मुळातली गुणसूत्रं रंगवायला वापरतात तो ॲसिटो-ऑर्सिनही याच घराण्यातला.

शैवाक ओळखण्यासाठी ही रसायनं फार उपयोगी पडतात. दिसायला सारख्या जातींची रसायनं वेगळी असू शकतात, हे शैवाक-अभ्यासक विल्यम नायलँडर यांनी 1866 मध्ये दाखवलं: पोटॅशियम हायड्रॉक्साइड किंवा विरंजक (ब्लीच) द्रावणाचा थेंब टाकायचा आणि रंग पाहायचा. पॅरिएटिनवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब पडला की नारिंगीचं जांभळं होतं. ही थेंब-चाचणी आजही वापरात आहे.

औषध म्हणून मात्र जपून. उस्निक आम्ल असलेल्या, वजन घटवण्यासाठी विकल्या गेलेल्या एका पूरकामुळे यकृत निकामी झाल्याच्या तक्रारी आल्या आणि 2001 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याविरुद्ध इशारा दिला. मसाल्यातलं चिमूटभर दगडफूल आणि गोळीत भरलेलं शुद्ध रसायन यांची बरोबरी होत नाही.

बाजारातल्या दगडफुलात बहुधा अनेक जाती मिसळलेल्या असतात. त्यातल्या एखाद्या तुकड्याचा वरचा राखाडी थर ब्लेडने खरवडून आतल्या पांढऱ्या भागावर घरातल्या ब्लीचचा छोटा थेंब टाकून पाहा. लाल रंग उमटला, तर तिथे लेकॅनोरिक किंवा त्याच्या जवळचं आम्ल आहे. रंग लवकर विरतो, म्हणून थेंब पडताक्षणी बघावं, आणि तो तुकडा नंतर मसाल्यात टाकू नये.