जागा आधी की आयन आधी?

पाण्यातून आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, काढण्याच्या दोन तऱ्हांबद्दल हे. पाण्याचा जडपणा घालवणारा सॉफ्टनर बहुतेकांनी पाहिलाय, तेव्हा त्याचं थोडक्यात. रेझिनच्या, म्हणजे एका प्रकारच्या प्लास्टिकच्या, मण्यांवर सोडियम बसलेला असतो. बोअरच्या पाण्यातला एक कॅल्शियम आला की दोन सोडियम उठतात. मणी भरले की मिठाचं पाणी सोडायचं, म्हणजे सोडियम परत बसतो. (आणि कृपा करून सॉफ्टनर चालतो का हे बघायला एकूण विरघळलेले क्षार मोजणारं टीडीएस मीटर बुडवू नका. आकडा जवळपास तोच येणार. साबणाला फेस येतो का ते बघा.)

घोळ होतो तो पुढे. 'स्वतःहून रचले जाणारे ग्राही रेणू' (म्हणजे ठराविक आयन धरून ठेवणारे) असं छापलं की सोबत चित्र हमखास गाळणीचं, नाहीतर चुंबकाचं. रेझिनमध्ये जागा आधीपासून असते, आयन येऊन बसतो. इथे आधी जागाच नसते. आयन आला की त्याला धरून ती उभी राहते.

टेनेसीतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट असंच काढून दाखवलं. काम अवघड, कारण लिटरमागे सल्फेट साधारण 2.7 ग्रॅम आणि क्लोराइड 19 ग्रॅम. त्यात सल्फेट भोवतीचं पाणी सोडता सोडत नाही. मग सोडवायचंच कशाला? त्यांनी दोन साधी रसायनं पाण्यात टाकली. ती जोडली जाऊन चपटा रेणू झाला, दोन्ही टोकांना ग्वानिडिनियमचे, म्हणजे नायट्रोजनवाल्या धनभारित गटाचे, हात असलेला. नुसतं क्लोराइड असेल तर हा रेणू विरघळलेलाच राहतो. सल्फेट भेटलं की दोन सल्फेट आणि चार पाण्याचे रेणू यांचं गाठोडं त्या हातांमध्ये बसतं, थरावर थर चढतात, तळाशी साका जमतो. 99 टक्के सल्फेट त्या साक्यात.

म्हणून 'हा रेणू सल्फेट ओळखतो' हे वाक्य मला खटकतं. एकटा रेणू फारसं काही ओळखत नाही. निवड करतो तो अख्खा स्फटिक, आणि त्याच्या रचनेत क्लोराइड बसत नाही. साका अल्कलीत ढवळला की रेणूचा विद्युतभार जातो, सल्फेट सुटतं, रेणू पुन्हा वापरता येतो.

विद्युतभाराचा हिशोब मात्र सॉफ्टनर आणि हा स्फटिक, दोन्हीकडे सारखाच: एक सल्फेट गेलं की रेणूचा धनभार तोलायला त्याच्यासोबत आलेले दोन क्लोराइड पाण्यात उरतात. त्यामुळे याला 'समुद्राचं पाणी गोडं करण्याची युक्ती' म्हणणाऱ्यांनी एक घोट घेऊन बघावा. तेलविहिरीत सोडायच्या पाण्यातून सल्फेट काढतात ते खडकातल्या बेरियमशी गाठ पडून पाइप चोंदू नयेत म्हणून. तिथे पाणी खारट असलं तरी कुणाचं काही अडत नाही.